विक्रोळीहून परदेशात फराळ पाठवताना पार्सल नेमकं कुठे अडकतं?

दिवाळीच्या महिनाभर आधी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, टागोर नगरात खोकी भरायला सुरुवात होते. चकली, चिवडा, शंकरपाळे, लाडू, सगळं परदेशातल्या मुला-नातवंडांसाठी. खोकं कितीही घट्ट बांधलं तरी ते पोहोचणार की नाही, हे बहुतेक वेळा त्यावरच्या फॉर्मवर आणि आतल्या जिनसांवर ठरतं.

२०२५ च्या दिवाळीत काय झालं?

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर पूर्वी आयात शुल्क लागत नसे. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. शुल्क कोणी गोळा करायचं आणि अमेरिकेच्या कस्टम्सकडे कसं भरायचं, याची व्यवस्था तयार नव्हती. त्यामुळे भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिथलं बहुतेक बुकिंग थांबवलं आणि काही दिवसांनी पत्रं, भेटवस्तूही बंद केल्या. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला.

सेवा सुरू होताना टपालाने जाणाऱ्या भारतीय मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क होतं आणि ते बुकिंगच्या वेळीच भरायचं होतं. १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तूंना मात्र सूट राहिली. असे दर बदलत असतात. म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात पोस्टात चौकशी करणं बरं.

पार्सल जातं कसं?

स्थानिक पोस्टात बुक झालेलं पार्सल परदेशी टपालाच्या केंद्रात जातं. मुंबईचं विदेश डाक कार्यालय बॅलार्ड इस्टेटला आहे. तिथे भारतीय कस्टम्सची तपासणी होते, मग विमान. उतरल्यावर त्या देशाचं कस्टम्स आणि शेवटी तिथलं पोस्ट. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघटनेच्या नियमांमुळे ही साखळी चालते. भारत तिचा १८७६ पासून सदस्य आहे.

फॉर्मवर काय लिहावं?

लहान पाकिटाला सीएन २२ आणि पार्सलला सीएन २३ हा कस्टम्स फॉर्म लागतो. त्यातली माहिती पार्सलच्या आधी संगणकावरून पुढच्या देशात पोहोचते.

• नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘फूड’ लिहू नये. युरोपात असं मोघम वर्णन नाकारलं जातं. ‘तांदळाच्या पिठाची तळलेली चकली, १ किलो’ असं प्रत्येक जिन्नस वेगळा इंग्रजीत लिहावा.
• किंमत खरी लिहावी. शून्य लिहिल्याने शुल्क टळत नाही, उलट शंका वाढते. पार्सल हरवलं तर भरपाई मागणंही कठीण होतं.
• भेट असेल तरच ‘भेट’ या चौकटीत खूण करावी. विकलेला फराळ भेट म्हणून दाखवणं ही चुकीची माहिती ठरते.
• पार्सल देता आलं नाही तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं, हेही भरावं लागतं. परतीचा खर्च पाठवणाऱ्यावर येऊ शकतो.

फराळातलं काय अडतं?

खसखस: अनारशांवर हमखास असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये मात्र खसखशीवर बंदी आहे. तिथे खसखस लावलेले अनारसे पाठवू नयेत.

पेढे, बर्फी, तूप: युरोपीय संघात बाहेरून टपालाने दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातही दुधाच्या मिठाईवर कडक निर्बंध आहेत.

घरचं की विकतचं: एखाद्याने स्वतःच्या घरी केलेला आणि स्वतःच भेट म्हणून पाठवलेला पदार्थ असेल, तर अमेरिकेत अन्न विभागाला पूर्वसूचना द्यावी लागत नाही. दुकानातून घेतलेल्या डब्याला ही सूट नाही.

याशिवाय फुलबाज्या, सेंटची बाटली, सुटी पॉवर बँक खोक्यात घालू नये. विमानात त्या धोकादायक मानल्या जातात.

चिवडा महाग का पडतो?

खासगी कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. हिशोब साधा आहे: लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले सहसा ५०००. म्हणजे ४० × ३० × ३० चं खोकं ७.२ किलोचं धरलं जातं. आत ४ किलोच चिवडा असला तरी पैसे ७.२ किलोचे. त्यामुळे खोकं मालाच्या मापाचं घ्यावं आणि रिकाम्या जागेत लाडवांचे डबे बसवावेत.

पार्सल अडकलं तर?

पोस्टाच्या पावतीवर १३ अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी भारतासाठी ‘आयएन’. तोच क्रमांक समोरच्या देशाच्या टपाल संकेतस्थळावरही चालतो. ‘कस्टम्सकडे थांबलं’ असं दिसलं तर बहुधा शुल्क किंवा खुलासा हवा असतो आणि त्यासाठी तिथलं पोस्ट घेणाऱ्याशी संपर्क साधतं. म्हणून फॉर्मवर घेणाऱ्याचा फोन नंबर आणि ईमेल अचूक असावा. पावती आणि फॉर्मचा फोटो काढून त्याच दिवशी घेणाऱ्याला पाठवला, तर खुलासा देताना खोक्यात काय आहे हे त्याला नेमकं सांगता येतं.