पामरच्या पेढीचा परवाना

सन १८५३ च्या मे महिन्यांत निजाम नासिरुद्दौला यानें मोठ्या नाखुषीनें एका तहावर सही केली, आणि मेहकर, मलकापूर, लोणार हा आज बुलढाणा जिल्ह्यांत मोडणारा मुलूख साऱ्या वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. कारण दाखविण्यांत आलें तें हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेच्या थकलेल्या खर्चाचें. ही फौज निजामाच्या पैशानें पोसली जाई. अधिकारी इंग्रज असत आणि हुकूम रेसिडेंटाचा चाले. परक्या दरबाराच्या गळ्यांत लष्कर बांधण्याचा हा व्यवहार कसा फोफावला, हें पामरच्या पेढीच्या इतिहासावरून कळतें.

तत्पूर्वीं मद्रासेकडे असाच एक प्रकार घडला होता. कंपनीच्या नोकरांनीं अर्काटच्या नबाबास जबर व्याजानें कर्जें दिलीं, आणि पॉल बेनफील्डसारखे सावकार तीं वसूल व्हावीं म्हणून विलायतेंत पार्लमेंटपर्यंत वशिले लावीत गेले. १७८५ सालीं एडमंड बर्कनें यावर घणाघाती भाषण केलें. पुढें १७९७ च्या कायद्यानें एतद्देशीय राजांस कर्ज देण्याची इंग्रज प्रजाजनांस मनाई झाली. मात्र सरकारची परवानगी असल्यास मनाई नव्हती. दार लागलें खरें, कडी गव्हर्नर जनरलच्या हातीं राहिली.

विल्यम पामर हा पुण्याचे एके काळचे रेसिडेंट जनरल पामर यांचा, मुसलमान बेगमेपासून झालेला मुलगा. निजामाच्या फौजेंतील हुद्दा सोडून त्यानें हैदराबादेंत पेढी घातली. सर विल्यम रम्बोल्ड हा भागीदार मिळाला. त्याची पत्नी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या पालकत्वाखालीं वाढलेली. १८१६ सालीं हेस्टिंग्ज यांनीं पेढीस परवाना दिला. लांच देण्याची गरजच नव्हती. घरोबा पुरेसा होता.

वऱ्हाड व औरंगाबादेकडील फौजेचा पगार पेढी दरमहा आगाऊ देई, आणि पेशकार राजा चंदुलाल तिला मुलखाच्या वसुलावर वराता लिहून देई. म्हणजे शिपायाचा पगार, सावकाराचें व्याज, सारें अखेर वऱ्हाडच्या कुणब्याच्या खळ्यांतूनच निघे. १८२० सालीं साठ लाखांचें नवें कर्ज ठरलें. नवे रेसिडेंट चार्ल्स मेट्काफ यांनीं चौकशी केली, तेव्हां त्यांतले आठ लाख पेढीचा जादा नफा म्हणून धरलेले आढळले; खुद्द रेसिडेन्सींतले अधिकारीही पेढीचे आंतले भागीदार निघाले. हेस्टिंग्ज यांनीं उलट मेट्काफ यांनाच खडसाविलें! अखेर उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामास दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कंपनीनें कायमची सोडवून घेतली आणि त्या मोबदल्यांतून पेढीचें देणें भागविलें. १८२४ त पेढी बुडाली. दुसऱ्या वर्षीं लंडनांत भागधारकांच्या सभेंत दिवसेंदिवस वाद झाला. हेस्टिंग्ज यांच्या सचोटीस बाध नाहीं असें ठरलें, आणि डायरेक्टरांचा ठपकाही कायम राहिला.

पेढी गेली, फौज राहिली. तिचा खर्च निजामावर चढतच गेला व त्याचेंच पर्यवसान १८५३ च्या तहांत झालें. १८६० सालीं उरलेलें कर्ज माफ झालें, धाराशिव व रायचूर परत मिळालें. वऱ्हाड मिळालें नाहीं. १९०२ सालीं तें दरसाल पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे ठेवण्यांत आलें, आणि ज्या कंटिंजंटसाठीं तें गेलें होतें ती लवकरच मोडून हिंदी लष्करांत मिळविण्यांत आली.