आधी कोण बोलणार?

नव्वदच्या दशकात आमच्या कॉलेजच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर एकाच काळ्या केबलवर ओवलेले होते. ऐन सबमिशनच्या दिवशी माझ्या धक्क्याने केबलच्या टोकाचं टोपण, म्हणजे टर्मिनेटर, निघालं आणि अख्खी लॅब बंद पडली. सरांनी ते परत बसवलं आणि विचारलं, ‘‘अगं, तार एक आणि बोलणारे वीस. कोणी कधी बोलायचं हे ठरवतं कोण?’’ मला सांगता येईना. पुढे शोधत गेले ती थेट हवाई बेटांवर पोचले.

तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं. बेटांवरची टर्मिनल्स रेडिओने जोडलेली. नियम सोपा: बोलायचंय? बोला. दोघं एकदम बोलले तर दोन्ही संदेश वाया. पोच आली नाही, तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. गणित मात्र सांगतं, की अशा मोकाटपणात वाहिनीची फार तर १८ टक्के क्षमता कामी येते.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये बॉब मेटकाफने हाच विचार तारेवर आणला. जोडीला डेव्हिड बॉग्ज. हे इथरनेट. इथे बोलण्याआधी ऐकायचं आणि बोलतानाही ऐकत राहायचं. टक्कर झालीच, तर दोघांनी गप्प होऊन चिठ्ठी टाकल्यासारखा कितीही वेळ थांबायचं. पुन्हा टक्कर झाली, तर त्या वेळेची मर्यादा दुप्पट. टोपण निघालं की संदेश टोकावर आपटून मागे येतो आणि सगळ्यांना टक्कर झाल्यासारखं वाटतं. आमची लॅब त्यामुळेच मुकी झाली होती.

आयबीएमने १९८५ मध्ये टोकन रिंग बाजारात आणली. टोकन हातोहात फिरतं. ज्याच्याकडे ते असेल, त्यानेच बोलायचं. कोणाची पाळी जास्तीत जास्त किती वेळात येईल, हे आधी सांगता यायचं. इथरनेटला ही हमी देता येत नव्हती. पण ते स्वस्त होतं, अनेक कंपन्या बनवत होत्या, आणि बाजारात तेच टिकलं. पुढे स्विच आले, प्रत्येकाला स्वतंत्र तार मिळाली, टकरी संपल्या.

हवा मात्र अजून सामायिकच आहे. स्वतः बोलताना वायफायच्या रेडिओला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. म्हणून तुमचा फोन आधी कानोसा घेतो, थोडा थांबतो, मग पाठवतो आणि पोचेची वाट बघतो. सर आज भेटले तर सांगेन: ठरवणारं कोणीच नव्हतं, सर. प्रत्येक जण ऐकत होता, म्हणून चाललं होतं.