पापलेटाचे गोत्र

जळगाव-धुळ्याला समुद्राची मासळी येते ती बर्फातून, नाहीतर सुकून. तेव्हा पापलेट आणि हलवा यांना आपण खानदेशकरांनी सख्खे भाऊ मानले तर नवल नाही. दोघेही ताटासारखे चपटे. एक रुपेरी, दुसरा काळसर. इंग्रजीत तर हलव्याला काळे पापलेटच म्हणतात. पंडितही याच वाटेने गेले. बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या वैद्याने १७९५ साली हलव्याला शास्त्रीय नाव दिले ते पापलेटाच्या वंशातले. १८६४ साली ब्लेकर या डच पंडिताने त्याची वाटणी करून दिली. पापलेटाच्या नातलगांचे घोंगडे मात्र भिजत राहिले. कारण राहणी सारखी असली की दूरचे जीवही सारखे दिसू लागतात. पागोटी सारखी म्हणून भाऊबंद ठरवावेत, तसलाच तो प्रकार.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते आहेत. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, हे अभ्यासक कशावरून ठरवितात? नकलनविसाच्या चुकांवरून. एकाची चूक पुढच्या सर्व नकलांत उतरते. ज्या पोथ्यांत तीच चूक, त्या एका घराण्याच्या. प्रत्येक पेशीतही चार अक्षरांत लिहिलेली अशी पोथी असते आणि पिढ्यानपिढ्या तिच्या नकला होतात. जनुकक्रम वाचणे म्हणजे या पोथीचे पाठभेद ताडून पाहणे.

जपानचे मासाकी मिया व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली पेशीतील तंतुकणिकांची छोटी पोथी तपासली. पापलेट निघाले बांगडा, सुरमई आणि ट्यूना यांच्या गोतावळ्यातले! बाणासारखी सुरमई कोठे आणि हे ताट कोठे! पंधरा कुळांचा हा विस्तार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर झाला, असे त्यांचे मत. २०१८ साली ३०३ जातींच्या माशांचे १,१०५ जनुकखंड ताडले गेले, तेव्हाही ही सोयरीक टिकली. हलव्याची शाखा मात्र तळाशी पडून राहणाऱ्या लेप्यांना जवळची ठरली.

ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा ठरविले. सातपाटीच्या कोळ्यांचे पोट त्यावर अवलंबून आहे. पण आपले पापलेट नेमके कोणते? ग्रंथांतून त्याला आर्जेन्टियस म्हणत आले. २०१९ साली भारतीय संशोधकांनी शरीररचना आणि जनुकक्रम दोन्ही तपासून दाखविले, की आपल्या किनाऱ्यावरचे पापलेट कँडिडस, म्हणजे क्यूव्हिएने १८२९ साली नाव दिलेली आणि पुढे विसरली गेलेली जात आहे. मासा केवढा झाल्यावर अंडी घालतो, हे जातीजातीवर असते. चीनच्या समुद्रातल्या माशाचे माप येथे लावून कोणती पिल्ले जाळ्यातून सोडावीत, हे ठरविता येणार नाही.