सही जुळत नाही

आमच्या घरात गुंतवणुकीचे प्रकार तीन : मुदतठेव, सोनं आणि कोकणातली, भाऊबंदकीत अडकलेली आंब्याची सात कलमं. ‘त्यानं दारूत पैसे घातले’ हे वाक्य आमच्याकडे उसासा टाकूनच म्हणतात. पण फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनमध्ये शहाणीसुरती माणसं पैसे घालतात. आणि तेही ती न पिण्यासाठी! हिशेब सरळ आहे. एका सालची वाइन झाली तेवढीच. लोक पीत जातात, साठा घटत जातो, आणि ज्यानं कळ काढली त्याच्या बाटलीचा भाव चढतो. दुसऱ्यानं प्यायची, नफा आपण खायचा.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी लावली, ती मुख्यतः बाजारभावावरून. कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला ही पद्धत एकदम पटली. चवीचं काय, ती ज्याची त्याची. त्यात पहिल्या प्रतीत बसलेली एक लाफित.

५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनला ख्रिस्तीजच्या लिलावात लाफितची १७८७ सालची बाटली निघाली. काचेवर कोरलेलं : टी-एच, टिंब, जे, टिंब. म्हणजे म्हणे थॉमस जेफरसन, अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष. हार्डी रोडनस्टॉक नावाच्या जर्मन संग्राहकाला अशा बाटल्या पॅरिसच्या एका बुजवलेल्या तळघरात मिळाल्या होत्या. कुठलं तळघर, ते त्यानं सांगितलं नाही. फोर्ब्स कुटुंबानं ती १ लाख ५ हजार पौंडांना घेतली.

आता जेफरसन हा माणूस आमच्या पंथातला. रोजचा खर्च टिपणारा, पत्रांच्या नकला ठेवणारा. मॉन्टिचेलो या त्याच्या घरी संशोधकांनी वह्या धुंडाळल्या. या वाइनची नोंद कुठं नाही! शिवाय सही करताना तो ‘टी-एच’ पुढे दोन टिंबं देई, बाटलीवर एकच. आमच्या काउंटरवर पेन्शनर आजोबांच्या सहीतलं एक टिंब राहिलं, तर आजोबा समोर उभे असतानासुद्धा आम्ही ‘सही जुळत नाही’ अशी स्लिप लावून चेक परत करतो. तिकडं लाख पौंड बिनबोभाट वटले.

पुढं ती बाटली प्रदर्शनात दिव्याखाली उभी ठेवली. उष्णतेनं बूच आक्रसलं आणि आत पडलं. तसलीच मार्गोची बाटली न्यूयॉर्कचे व्यापारी विल्यम सोकोलिन यांच्याकडे विकायला होती, किंमत पाच लाख डॉलरांच्या वर. १९८९ साली हे गृहस्थ ती मिरवायला एका मेजवानीला घेऊन गेले, आणि गर्दीत धक्का लागून ती फुटली. विम्याचे २ लाख २५ हजार डॉलर मिळाले. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला तेवढाच चोख परतावा.

खरी पंचाईत निराळीच. बाटली खरी की खोटी हे कळायला ती उघडावी लागते, आणि उघडली की मालमत्ता संपली. अमेरिकन उद्योगपती बिल कोक यांनी १९८८ मध्ये सुमारे पाच लाख डॉलरांना अशा चार बाटल्या घेतल्या. २००५ साली बोस्टनच्या संग्रहालयानं पूर्वपीठिकेचे कागद मागितले तेव्हा शोधाशोध सुरू झाली. बाटली न उघडता आल्प्स पर्वताखालच्या प्रयोगशाळेत तपासली. अणुस्फोटांनी जगभर पसरलेलं सीझियम आत सापडलं नाही. म्हणजे वाइन अणुबॉम्बच्या आधीची. पण १७८७ ची की १९३७ ची, ते पर्वतालाही सांगता येईना. शेवटी कोरलेली अक्षरं भिंगाखाली धरली. ती दातांच्या डॉक्टरकडे असतं तसल्या विजेच्या हत्यारानं कोरलेली निघाली.

रोडनस्टॉक नाही-नाहीच म्हणत राहिला आणि २०१८ साली वारला. कोकसाहेबांचा तपासाचा खर्च बाटल्यांच्या किमतीच्या दुपटीवर गेला. आमच्याकडे त्या कामाला एक छापील स्लिप लागते, आणि टाचणी.