विणकाम खाते आणि 'मंथन'

संघटनात्मक वर्तन या विषयाची आमची पाठ्यपुस्तके शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांपासून (१९२४–३२) सुरू होतात. कामगार केवळ मजुरीसाठी राबत नाही, त्याचे वागणे त्याचा गट ठरवतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. त्याच वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत काय चालले होते? विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्या थुंकीचा स्पृश्य विणकरांना विटाळ होई. मजुरी जास्त त्याच खात्यात, म्हणून विटाळही तिथेच कडक! १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. गटाच्या वर्तनाचा याहून उघडा पुरावा कोणता? पण पुस्तकात तो नाही.

म्हणून वर्गात मी श्याम बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) दाखवतो. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून काढलेला, विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा हा चित्रपट. गावोगाव दूध सोसायट्या उभ्या करण्यासाठीही तो दाखवला गेला. म्हणजे माझ्या वर्गात येण्याआधीच तो संघटनेचा मास्तर होता.

सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच हरतो, दलित उमेदवार निवडून येतो. तिथे मी चित्रपट थांबवतो. सरपंच का बिथरला? मुले पाठ केलेले उत्तर देतात : 'बदलाला विरोध'. पण अध्यक्षपद आपल्याच घरात येणार, असे वाटत होते तोवर या गृहस्थांचा सोसायटीला विरोध कुठे होता? दूध चालत होते, यंत्र चालत होते, हिशेबाची वही चालत होती. चालला नाही तो खुर्चीवरचा माणूस. हे एवढे कळायला वर्गाला अर्धा तास लागतो. मागच्या बाकांवरच्या मुलांना मात्र लागत नाही.

शहरातून आलेल्या डॉ. रावांवर बेनेगलांचा जीव जरा जास्तच आहे, असे मला वाटते. तरी रावांची बदली होते आणि सोसायटी भोला पुढे चालवतो, हे त्यांनी दाखवले, याचे मोल मी मानतो. मी घरातला पहिला पदवीधर. 'संघटना' हा शब्द मी पुस्तकाआधी वस्तीतल्या सभेत ऐकला, तोही भोलासारख्यांच्याच तोंडून.

यंदा सरावासाठी मी एक प्रश्न दिला आहे : हॉथॉर्नमधला गट आणि मुंबईच्या विणकाम खात्यातला गट यांची तुलना करा. त्यासाठी मुलांना ग्रंथालयातले बाबासाहेबांचे खंड काढावे लागत आहेत.