मुलांचा अपस्मार आणि शस्त्रक्रिया

कोरेगांवच्या परिसरांत एखादें मूल खेळतां खेळतां कोसळलें, हातपाय वांकडे होऊन त्याच्या तोंडाला फेंस आला, कीं जवळचीं माणसें कांदा हुंगविण्यास धांवतात. आणि तेंच पुनःपुन्हां घडूं लागलें कीं बाहेरच्या बाधेची शंका घेतली जाते. वास्तविक चरकसंहितेंत अपस्माराचें निदान व चिकित्सा सांगितलेली आहे, आणि हा विकार मेंदूंतून उद्भवतो, हें प्राचीन ग्रीक वैद्यांनींही लिहून ठेविलें होतें. मेंदूच्या पेशींत विजेचे सूक्ष्म प्रवाह सतत चाललेले असतात. त्यांचा एकाएकीं उद्रेक झाला म्हणजे झटका येतो.

या दुखण्यावर इ. स. १९१२ मध्यें फेनोबार्बिटल आणि १९३८ मध्यें फेनिटॉइन हीं औषधें उपयोगांत आलीं व असंख्य घरांना दिलासा मिळाला. तथापि सुमारें एकतृतीयांश रोग्यांचे झटके औषधांनीं थांबत नाहींत. योग्य निवडलेलीं दोन औषधें पुरेशीं देऊनही गुण आला नाहीं, तर तो अपस्मार औषधांस न जुमानणारा समजावा, असें अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१० सालीं ठरविलें. अशा कांहीं रोग्यांच्या मेंदूंत झटक्याचा उगम एकाच ठिकाणीं असतो. तेवढा भाग काढतां येईल काय, या प्रश्नापासून शस्त्रक्रियेचा इतिहास सुरू होतो.

ता. २५ मे १८८६ रोजीं लंडन येथें व्हिक्टर हॉर्स्ली यांनीं एका २२ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूंतील वण काढून टाकला. तो तरुण बालपणीं गाडीखालीं सांपडून डोक्यास जखमी झाला होता. उगमस्थान ओळखण्याचें साधन त्या काळीं म्हणजे झटका शरीराच्या कोणत्या अवयवापासून सुरू होतो, याचें निरीक्षण एवढेंच. पुढें १९२४ सालीं जर्मनींत हान्स बर्गर यांनीं मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख काढला. आणि कॅनडांतील माँट्रिऑल येथें वाइल्डर पेनफील्ड यांनीं रोग्यास जागा ठेवून, मेंदूवर विजेचा सौम्य स्पर्श करीत, वाणीचीं व हालचालीचीं स्थानें निश्चित करण्याची पद्धत सिद्ध केली.

सातारा-सांगलीकडील लोकांना मिरजेच्या १८९४ सालीं स्थापन झालेल्या मिशन इस्पितळामुळें शस्त्रक्रियेची ओळख लवकर झाली होती. पण डोकें उघडणें ही गोष्ट निराळी होती. माँट्रिऑल येथें शिकून आलेले डॉ. जेकब चंडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोर येथें मेंदूच्या शल्यचिकित्सेचा विभाग उभारला आणि ऑगस्ट १९५२ मध्यें भारतांतील अपस्मारावरील पहिली शस्त्रक्रिया केली. रोगी १९ वर्षांचा होता. त्याचें उजवें अंग शैशवापासूनच लुळें होतें.

लंडनचा तो तरुण काय किंवा वेल्लोरचा हा काय, दोघांचेंही दुखणें बाळपणीं रुजलेलें होतें, आणि शस्त्र लागलें तें तारुण्यांत. मधल्या वर्षांची किंमत मोठी असते. वारंवार येणारे झटके मुलाच्या शिकण्याला व वाढीला अडथळा करतात. उलट लहान वयांत मेंदूचा निरोगी भाग गमावलेलीं कांहीं कामें अंगावर घेऊं शकतो. जोहान्सबर्ग येथील क्रायनॉ यांनीं शैशवांतच अर्धांग लुळें पडलेल्या बारा रोग्यांच्या मेंदूचा विकृत अर्धगोल काढल्याचा वृत्तांत १९५० सालीं प्रसिद्ध केला, तेव्हांपासून या विचाराला बळ मिळालें.

निर्णायक पुरावा मात्र भारतांतूनच पुढें आला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें अठरा वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर केलेला अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें ५७ मुलांची शस्त्रक्रिया लगेच झाली. ५९ मुलें औषधांवर राहून शस्त्रक्रियेसाठीं रांगेंत थांबलीं. वर्षभरानें पहिल्या गटांतील ४४ मुलें झटक्यांतून मुक्त होतीं, दुसऱ्यांतील केवळ ४. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं १९ मुलांना गंभीर उपद्रव झाले, त्यांत एका अंगाची दुर्बलता प्रमुख होती. हेंही पालकांना आधीं कळलें पाहिजे. प्रत्येक मूल शस्त्रक्रियेस योग्यही नसतें.

उशिराला लपवाछपवीही कारण होते. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं अपस्माराचे वारंवार झटके हा विवाहास अडथळा म्हणून नमूद झाला होता. १९९९ सालीं तो शब्द वगळण्यांत आला. कायदा बदलला, तरी लग्न जुळणार नाहीं या धास्तीनें मुलीचें दुखणें दडवून ठेवणारीं घरें अद्याप आहेत. कोरेगांवाहून पुण्यास रेल्वेनें जातां येतें, आणि झटका टिपणारा विद्युत्‌आलेख व मेंदूचें चुंबकीय चित्र या तपासण्या तेथें होतात. दोन औषधें हरलीं, कीं तिसऱ्या-चौथ्या औषधांत वर्षें घालविण्याआधीं मुलास एकदां त्या तपासणीस न्यावें. शस्त्रक्रिया करावयाची कीं नाहीं, हें त्यानंतर ठरवितां येतें.