ताराबाईंनी उत्तर छापलं

आपल्या राज्यात गावच्या कारभारात १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. बोलणाऱ्या बायका वाढल्या, तसे त्यांना बोलणारेही वाढले. संगमनेर तालुक्यात बचत गटांच्या बैठकांना फिरताना हे सारखं कानावर येतं. ग्रामसभेत बाईने रस्त्याच्या खर्चाचा हिशोब विचारला, की रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर हिशोबाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. चर्चा तिच्या साडीची, ती कुणाच्या गाडीवर बसून आली त्याची. मोबाईल नवा, पण ही रीत फार जुनी आहे.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला चालला. लोकलाजेपायी तिने आपलं नवजात मूल मारलं होतं. कोर्टाने फाशी सुनावली, पुढे अपिलात ती शिक्षा कमी झाली. 'पुणे वैभव' या वर्तमानपत्राने या एका बाईचं निमित्त करून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर झोड उठवली.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्यामुळे पेटून उठल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. १८८२ साली ताराबाईंनी पुण्याच्या शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटं पुस्तक छापून घेतलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. बायका कपटी, बायका अविचारी, बायका मूर्ख. असा एकेक आरोप त्या हातात घेतात आणि विचारतात, हे दुर्गुण पुरुषांत नाहीत का? विधवेला फसवून जो नामानिराळा राहतो, त्याला शिक्षा कोणती? आणि भाषा कशी, तर पंडिताची नव्हे, आपल्या ओट्यावरची. झणझणीत! मला वाटतं, मुद्द्यांपेक्षा ही भाषाच जास्त झोंबली असेल.

पुस्तकावर टीका झाली. तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यांच्या घराला हे नवं नव्हतं. सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या की अंगावर शेण आणि शिव्या दोन्ही येत.

पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही निघालं नाही. मला याचीच हुरहुर लागते. शिवी देणाऱ्याला वाद जिंकायचा नसतोच. बाईने पुढच्या खेपेला येऊ नये, एवढंच त्याला हवं असतं. आपल्याकडेही ग्रामसभेला यायच्या बंद झालेल्या बायका आहेत, आणि त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुस्तक पुन्हा छापलं. मधे त्र्याण्णव वर्षं गेली होती. येत्या बैठकीत त्यातली दोन पानं वाचून दाखवणार आहे. मराठी जुनी आहे, पण कुणाला अर्थ सांगावा लागेल असं वाटत नाही.